चार इंच जास्तीची नळी

तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाईंना नापास करायची हिंमत आजवर कुणाची झाली नव्हती. त्या शिट्टीवाल्या साहेबांनी मात्र लागोपाठ दोनदा केलं. आणि दोन्ही वेळेला चूक आईंची नव्हती, माझ्या गाडीची होती, म्हणून मला जास्त झोंबलं.

मोटरसायकलच्या परीक्षेत सगळ्यात शेवटी एक पांढरी पट्टी असते. वेगात यायचं, साहेबांनी शिट्टी मारली की ब्रेक दाबायचा आणि पट्टीच्या आत थांबायचं. पहिल्या वेळी आई पट्टीच्या वीतभर पुढे जाऊन थांबल्या. दुसऱ्या वेळी साहेबांना उडी मारून बाजूला व्हावं लागलं. कपडे झटकत ते म्हणाले, "मास्टरबाई, शुक्रवारी चार वाजता शेवटचं या. तुमच्या शिकाऊ परवान्याची मुदत शुक्रवारी संपते. साठीनंतर नवा शिकाऊ परवाना आमच्या कचेरीत देत नाहीत. तेव्हा शुक्रवारीही पट्टी ओलांडलीत तर हा विषय कायमचा संपला."

आईंची साठी गेल्याच महिन्यात झाली होती.

मास्टरबाई त्यांना अख्खी गल्ली म्हणते. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. कापड बेततात त्या, शिवते मी. चाळीस वर्षं त्यांच्या हातात कात्री आहे, आणि तेवढीच वर्षं त्या कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून फिरताहेत. आधी वडलांच्या सायकलवर, मग माझ्या सासऱ्यांच्या स्कूटरवर, आणि गेली अकरा वर्षं माझ्या मोटरसायकलवर, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. एक दिवस सिग्नलला उभ्या होतो, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला एकदा पुढे बसायचंय गं." मला वाटलं थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी बघते तर बाईसाहेब फॉर्म भरून मोकळ्या!

तर शुक्रवारी सकाळी मी गाडीचा पुढचा ब्रेक दाबला आणि आईंना म्हटलं, नळीकडे बघा. ब्रेकच्या लीव्हरपासून चाकापर्यंत तेलाची एक रबरी नळी जाते. दाबलं की ती पोट सुटल्यासारखी फुगत होती. आईंचा सगळा जोर त्या फुगण्यात जात होता, चाकापर्यंत पोचतच नव्हता. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले, तर तो मान वर न करता म्हणाला, "चार दिवसांनी आणा."

"चार दिवसांनी काय, तिची पूजा करू?" मी म्हटलं. "आम्हीच बसवतो."

हे बोलून गेले आणि मग जीभ चावली. पण आई मागे उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की शब्द मागे घ्यायची सोयच उरली नाही.

पार्टवाल्याचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. आत खिळ्यांना शेकडो नळ्या टांगलेल्या. त्याने आधी साधी रबरी नळी टाकली, मग दुसरी काढली, वरून बारीक स्टीलची जाळी असलेली. "ही घ्या. रबर जुनं झालं की फुगतं. हिला जाळीने आवळलंय, फुगायची टापच नाही."

आईंनी ती जाळी अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळली. कापड हातात आलं की त्या हेच करतात. "वीण घट्ट आहे," म्हणाल्या. मग गंभीरपणे विचारलं, "धुतल्यावर आटत नाही ना?"

पार्टवाल्याचा आ वासलेला तसाच राहिला. मला इतकं हसू फुटलं की मी तोंडात रुमाल कोंबला.

मग रंग. जाळीवरचं वेष्टण काळं, पारदर्शक आणि लाल, असं तीन प्रकारचं होतं. मी म्हटलं लाल, आई म्हणाल्या गाडी निळी आहे, लाल डोळ्यात खुपेल. आम्ही नळी टाकीला लावून लावून बघितली, उजेडात नेली, सावलीत आणली. पार्टवाला म्हणाला, "बाई, ती ब्रेकची आहे." आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं बघितलं की त्याने आणखी एक दिवा लावला. शेवटी लालच घेतली.

आता माप. चाळीस वर्षं कात्री चालवून आईंचा खांदा आखडलाय, पुढे वाकवत नाही, म्हणून मी गाडीला उंच हँडल बसवून घेतलं होतं. त्यामुळे मूळ मापाची नळी पुरणार नव्हती. आईंनी गळ्यातली टेप काढली, फुटपाथवर गाडीपाशी उकिडव्या बसल्या, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोनदा मोजलं. पंचाण्णव सेंटिमीटर. पार्टवाल्याने मान डोलावली, "अगदी बरोबर. पंचाण्णवची देतो."

"एकशे पाचची द्या," आई म्हणाल्या.

"आत्ता तर पंचाण्णव म्हणालात!"

"ते माप झालं. त्याच्यात चार इंच माया नको?"

माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवतात ते जास्तीचं कापड. उद्या माणूस जाड झाला तर उसवून वाढवता येतं. आमच्या दुकानात मायेशिवाय रुमालसुद्धा बेतत नाहीत. जास्त ठेवलेलं आत दुमडता येतं, कमी कापलेलं कुठून आणणार, हे आईंचं ब्रह्मवाक्य.

"मास्टरबाई, ही नळी आहे, पँट नाही," पार्टवाला काकुळतीला आला. "जास्त लांब झाली तर..."

"तुम्ही विकायचं काम करा," मी फटकारलं. "बेतायचं आम्हाला कळतं!"

त्याने हात जोडले आणि एकशे पाचची नळी बांधून दिली. आम्ही दोघी लढाई जिंकल्याच्या थाटात बाहेर पडलो.

दहा वाजता गाडी दुकानात घेतली, दोन मशिनांच्या मधे. ब्रेकचं तेल रंग खातं म्हणून टाकीवर मांजरपाट पांघरला. आणि आमच्या मदतीला कोण, तर माझे यजमान. ते वाचनालयात नोकरीला आहेत आणि मोटरसायकलला घाबरतात. अकरा वर्षांत एकदाही माझ्या मागे बसले नाहीत, बसने जातात. पण आईसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, येताना वाचनालयातून गाडी दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन आले, आणि स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागले.

"पान एकाहत्तर," ते म्हणाले. "प्रथम जुनी नळी काढावी."

"काढली."

"प्रत्येक जोडाला तांब्याचे दोन नवे वॉशर लावावेत, एक इकडून, एक तिकडून."

"लावले. पुढे?"

"अगं, सावकाश. मला पान तर उलटू दे."

नळी बसली. लाल नळी निळ्या गाडीवर अशी काही खुलून दिसत होती की आईंनी स्वतः कबूल केलं. वरच्या बाजूला तिने जरा ऐटबाज कमान घेतली होती, हँडलच्याही वर. मला वाटलं, काय झोकात दिसतेय!

आता एअर काढायची. नवीन नळीत हवा असते. ती राहिली तर लीव्हर दाबल्यावर हवाच दबते, ब्रेक लागत नाही. वर हँडलपाशी तेलाची डबी असते, ती भरायची. खाली चाकापाशी एक छोटा नट असतो, त्याला पारदर्शक नळी जोडून तिचं टोक काचेच्या बरणीत सोडायचं. एकाने लीव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने नट सैल करायचा. तेल आणि बुडबुडे बाहेर आले की नट आवळायचा आणि मगच लीव्हर सोडायचा. नट उघडा असताना सोडला तर गेलेली हवा परत आत.

लीव्हरवर आई, नटापाशी जमिनीवर मी.

"दाबा!"

"दाबला!"

"धरा!"

मी नट सैल केला, आणि आईंनी सोडला. बरणीतलं तेल सुर्रकन परत नळीत चढलं.

"आई! धरा म्हटलं ना!"

"अगं धरलाच होता, हात आपोआप उघडला."

चाळीस वर्षांची सवय हो! कात्री मिटली की लगेच उघडायची, त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नाही. सात वेळा हेच झालं. आठव्या वेळी मी म्हटलं, दोन्ही हातांनी धरा. नवव्या वेळी यजमानांनी पुस्तक मांडीवर ठेवून आईंच्या मुठीवर आपली मूठ धरली. दहाव्या वेळी माझ्याकडून नट जरा जास्तच फिरला, जोडलेली नळी सटकली आणि तेलाची पिचकारी थेट यजमानांच्या चष्म्यावर.

"ब्रेकचं तेल रंग खातं ना?" मी म्हटलं. "बघू, काय उरलंय तोंडावर!"

आई कटिंगच्या टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. मी फरशीवर बसून हसत होते. हे चष्मा पुसत म्हणाले, "सरकारी पुस्तकावर डाग पडला," आणि त्यावर आमची हसून हसून पुरेवाट झाली.

पण बारा वाजले, एक वाजला. तेलाची एक बाटली संपली, दुसरी अर्ध्यावर आली. दाबा, धरा, आवळलं, सोडा. दाबा, धरा, आवळलं, सोडा. बरणीत एकही बुडबुडा येईना, आणि लीव्हर तरी आपला लोण्यासारखा मऊ, हँडलपर्यंत येऊन टेकायचा. हवा बाहेर पडत नाही आणि आत तर आहेच, मग आहे कुठे? मी प्रत्येक जोड पुसून बघितला, कुठे थेंबाची गळती नाही.

"अगं, इथे चौऱ्याहत्तर पानावर एक लिहिलंय..." यजमान म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!"

"नाही, पण तिसऱ्या ओळीत..."

"एक अक्षर वाचू नका! इथे माझे हात भरलेत!"

ते पुस्तकात बोट घालून बसले बिचारे.

सव्वादोनला माझ्या गुडघ्यांचा भुगा झाला होता आणि आईंची बोटं लाल झाली होती. त्या हळूच लीव्हरवरून हात काढून पायमशीनच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. थोडा वेळ बोटं चोळत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे गं. मला मागे बसायची सवय आहे. काही अडत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. रडूही येत होतं, ते लपवायला मी ओरडले, "मागेबिगे काही नाही! चार वाजता तुम्ही त्या पट्टीच्या आत थांबणार आहात! मी हातांनी चाक धरीन, पण थांबणार आहात!" आणि पाना भिरकावला. तो मशिनाखाली गेला.

आई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या स्टुलावरून, खालून, गाडीकडे बघत होत्या. सकाळपासून त्या हँडलपाशी उभ्या होत्या आणि मी चाकापाशी आडवी, गाडी लांबून कुणी बघितलीच नव्हती. गिऱ्हाईक ट्रायलला उभं राहिलं की त्या जसा एक डोळा बारीक करतात, तसा केला.

"अगं," त्या म्हणाल्या, "हिच्या गळ्याशी झोळ आलाय."

मी वळून बघितलं. ती ऐटबाज लाल कमान! नळी डबीतून निघून आधी वर चढत होती, आणि मग खाली उतरत होती. हवा नेहमी वर जाते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळी हवा त्या कमानीच्या टोकावर जाऊन मजेत बसली होती. आम्ही तिला चार तास खालून ओढत होतो, आणि ती कशाला खाली येईल? पंचाण्णवची नळी घेतली असती तर कमानच झाली नसती. आमची ती चार इंच माया, तिने घात केला होता.

"आता वाचू?" यजमानांनी नम्रपणे विचारलं. "पान चौऱ्याहत्तर, ओळ तिसरी. नळीचा कोणताही भाग तेलाच्या डबीपेक्षा उंच असू नये."

मग आईंनीच सुरुवात केली. आधी खांदे हलले, मग स्टूल हललं, मग त्या पदर नाही म्हणून टेपनेच डोळे पुसत हसायला लागल्या. "काखेत कळसा," त्या म्हणत होत्या, "काखेत कळसा, आणि तुझ्या नवऱ्याच्या मांडीवर कळसा!" मी जाऊन यजमानांचा तेलकट हात धरला आणि क्षमा मागितली. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यांदाच मागितली. ते इतके घाबरले की म्हणाले, "तुला बरं नाही का?"

नळी बदलून आणायला वेळ नव्हता. आई उठल्या. झोळ कसा काढायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. वरचा बोल्ट सैल करून नळीचं तोंड खाली वळवलं, नवे वॉशर घातले. मग नळी सरळ खाली न सोडता दिव्याच्या मागून आडवी दुसऱ्या बाजूला नेली आणि तिथून चाकाकडे उतरवली. जास्तीची लांबी त्या आडव्या रस्त्यात जिरली. डबीपासून चाकापर्यंत सगळा उतारच उतार. पण मधे धरायला काहीतरी हवं. आईंनी बॅगांना लावतात ती जाड पट्टी घेतली, दाभण घेतला, आणि गाडीच्या गळ्याभोवती पट्टी फिरवून नळीसकट तीन टिपा घातल्या. हातशिलाई, गाडीवर! हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नळी कुठे ताणत नव्हती, कुठे घासत नव्हती.

"ट्रायल चांगली झाली," त्या म्हणाल्या. "दाबू?"

"हळू. नुसत्या टिचक्या मारा."

त्यांनी लीव्हरला टिचकी मारली. डबीतल्या तेलात खालून एक बुडबुडा आला, वाटाण्याएवढा, आणि टप्प करून फुटला. आई ओरडल्या, "आला!" दुसरी टिचकी, दुसरा बुडबुडा. मग तर रांगच लागली. आम्ही तिघं त्या एवढ्याशा डबीवर डोकी लावून मोजत होतो, आणि प्रत्येकाला टाळी देत होतो. एकतीस बुडबुडे! मग खालून दोनदा एअर काढली, आणि या खेपेला आईंचा हात जराही उघडला नाही. डबीचं झाकण लावलं. मी लीव्हर दाबला. तो दोन बोटं आत आला आणि टणक होऊन थांबला.

"आई, दाबून बघा."

त्यांनी दाबला. पुन्हा दाबला. मग माझ्या केसांवरून तेलकट हात फिरवला. माझे केस अजून चिकट आहेत, पण जाऊ दे.

दुकानापासून मैदान पाच मिनिटांवर, पण मी आईंना आधी गल्लीत वीस वेळा थांबायला लावलं. पावणेचारला आम्ही पोचलो. साहेब या वेळी पट्टीपासून चांगले दहा पावलं लांब उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून बघितलं. "हे काय?"

"शिवण आहे," आई म्हणाल्या.

साहेबांनी पट्टी ओढून बघितली. पुन्हा जोरात ओढली. हँडल दोन्हीकडे फिरवून बघितलं. "पक्की आहे," ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "पँटची चेन बसवून देता का हो?"

आई गाडी घेऊन टोकाला गेल्या. यजमानांनी डोळे मिटले, मी उघडे ठेवले, कारण कुणीतरी बघायला हवं होतं. गाडी आली, वेगात आली, मला वाटलं फारच वेगात आली. शिट्टी! पुढचं चाक जमिनीला चिकटल्यासारखं झालं, गाडीने नाक खाली घातलं, आणि आई थांबल्या. पट्टीच्या हातभर अलीकडे. साहेब दहा पावलं चालत आले, पट्टी बघितली, चाक बघितलं, आणि कागदावर शिक्का मारला. "हा तात्पुरता परवाना. पक्का पोस्टाने येईल. मास्टरबाई, झालात पास!"

मी उड्या मारत होते. यजमान टाळ्या वाजवत होते. आईंनी कागद घडी करून खिशात ठेवला, आमच्याकडे बघून हात हलवला, गाडी वळवली, आणि फाटकातून बाहेर निघून गेल्या.

"अहो, आपण राहिलो!" मी म्हटलं.

"येतील वळून," हे म्हणाले.

त्या वळून आल्या नाहीत. आम्ही अर्धा तास फाटकाशी उभे राहिलो, मग चालत दुकानात आलो. पाच वाजले. साडेपाच वाजले. आईंना फोन लावला, तर तो दुकानातच, कटिंगच्या टेबलावर वाजला. मी दारातून आत आणि आतून दारात. ब्रेक मीच बसवला होता. तीन टिपांवर मी माझ्या सासूला रस्त्यावर सोडलं होतं.

सव्वासहाला गाडीचा आवाज आला. आई दुकानासमोर येऊन थांबल्या, अगदी पायरीला चाक न लावता. चेहरा धुळीने माखलेला, आणि डोळे असे की मी सोळा वर्षांत बघितले नव्हते.

"कुठे होतात?" मी ओरडले. "जीव टांगणीला लागला होता आमचा! कुठे गेला होतात?"

"कुठेच नाही. नुसती गेले."

"नुसती म्हणजे?"

"नदीच्या पुलापर्यंत. तिथे ब्रेक लावला, थांबले, आणि आले." त्या अजून गाडीवरच होत्या, गाडी चालूच होती. "पुलाच्या पलीकडे तो रस्ता पुढे कुठे जातो गं?"

अकरा वर्षं ही गाडी मी चालवतेय. कापडबाजार, बटणवाला, दवाखाना, आणि परत दुकान. पुलाच्या पलीकडे मी कधी गेलेच नव्हते. आणि मागे बसलेल्या बाईला, 'तुम्हाला कुठे जायचंय?' असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही," आई म्हणाल्या. "बस मागे."